नखभर सैल

हौसाचं माप घ्यायचं तर कागद दिनदर्शिकेचाच लागतो मला,
पाठकोरा.
उलटला की महिना कळतो, साल कळतं,
बाकी कुणाला काही कळत नाही.

सुभाषनगरात आमच्या दाराशी ती शनिवारी यायची
आठवडाभर विणलेल्या कातड्याच्या वेण्या घेऊन,
सुतळीएवढ्या बारीक, शंभराची जुडी.
मी मोजायचो.
नव्व्याण्णवला चुकायचो, पुन्हा पहिल्यापासून.
उंबऱ्यावर बसून ती म्हणायची,
मास्तरनं पुढचं शिकवलंच नाही का रे तुला?

त्याच वर्षी बापाचं डावं अंग गेलं.
रापी माझ्या हातात आली,
आणि पाठीमागं तिघी बहिणी.
थोरलीच्या लग्नाला केरबानं दारची म्हैस विकली.
एकुलती. दुभती.
नोटा हातात देताना म्हणाला, नीट मोजून घे,
तू मोजण्यात कच्चा आहेस.

महिन्याभरानं रंकाळ्याच्या कठड्यावर
भडंगाची पुडी मधे ठेवून तोच म्हणाला,
हौसा मनात भरलीया.
तिच्या बापाशी तू बोल, तुझा शब्द तिथं पडत नाही.

मी बोललो. चांगलं बोललो.
व्यसन नाही म्हणालो, माणूस सोन्याचा म्हणालो.
एक अक्षर खोटं नव्हतं,
तेच अवघड गेलं.
आतल्या खोलीत कुणीतरी वेणी विणत होतं,
ते थांबल्याचं मला ऐकू आलं.

लग्नाचा जोड मीच करायचा, केरबाचा हट्ट.
ती कागदावर उभी राहिली.
टाचेपासून अंगठा, अंगठ्यापासून टाच,
पेन्सिल फिरली.
बोट कुठं टेकलं नाही.
तळात विंचू घातला, करकर वाजावी म्हणून.
वाजली.
गल्लीच्या तोंडाशी आली की इथं आरी हातातच राहायची.

मग किती जोड झाले.
थोरल्याच्या वेळी सातव्या महिन्यात पाऊल सुजलेलं,
तो आषाढाचा कागद रुंद आहे.
धाकट्याच्या शाळेच्या फीपायी दोन वर्षं कागदच नाही,
जुनीच शिवून दिली, पैसे घेतले,
नाहीतर केरबाला राग आला असता.

महापुरात शाहूपुरीतल्या गोदामात कमरेएवढं पाणी.
केरबा खांद्यावर कातडी टाकत होता,
माझ्या डोक्यावर पत्र्याचा डबा.
काय रे त्यात?
मापं.
कुणाची?
गिऱ्हाइकांची.
तो पाण्यात तसाच उभा राहिला, माझ्याकडं बघत.
खांद्यावरनं कातडं घसरलं, वाहून गेलं, त्यानं धरलं नाही.
मग म्हणाला,
वर धर. भिजंल.

दोन वर्षांनी गेला.
पंचगंगेवर त्याच्या पोरांनी केलं सगळं,
मी लाकडं मोजत होतो. बरोबर भरली.

दिवस झाल्यावर ती आली.
जोडव्यांच्या जागी दोन पांढुरके वळ.
म्हणाली, आता विंचू नको.
घातला नाही.
त्यामुळं ती कधी येईल कळत नाही,
दिवसभर दाराकडं बघावं लागतं.

परवा आली.
भिंतीला हात देऊन कागदावर उभी राहिली,
मी खाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
पेन्सिल टाचेशी आली तेव्हा वरनं आवाज आला,
सातापा, पेन्सिल एवढी लांबनं का फिरवतोस?
पहिल्यापासनं प्रत्येक जोड
नखभर सैल होतोय मला.

मग सांगितलं का नाहीस कधी?

बोटं आवळून चालले, ती म्हणाली.
पडू दिली नाही.

बाहेर कुणाची तरी चप्पल करकरत गेली.
चुकलं, मी म्हणालो,
आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरू केलं.